काडेपेटी आहे का?

परवा तिन्हीसांजेला दिवे गेले. आषाढातला पाऊस, पुण्याच्या उपनगरातली आमची सहामजली इमारत आणि गॅसचा लायटर नेमका त्याच दिवशी रुसलेला. देव्हाऱ्यात उदबत्तीपुरती ठेवलेली काडेपेटी काढली, तर ती सादळलेली. चार काड्या ओढल्या. गुल नुसताच खरवडून गेला. "सादळली म्हणजे काय?" पाचवीतल्या नातीने विचारले. तिचा तरी काय दोष? पावसाळ्यात काड्या आणि पापड डब्यात जपून ठेवणाऱ्या घरांतला हा शब्द.

वस्तू घरातून गेली, की तिच्याभोवतीचे शब्द उपऱ्यासारखे होतात. स्टोव्ह गेला आणि त्याची पिन, त्याचा काकडा गेला. काकडा आता उरला तो पहाटेच्या आरतीपुरता. काडी मात्र भांडणांनी जगवली. कुणीतरी काडी लावतो, कुणाला काड्या घालण्याची सवयच असते. (काडीमोडातली काडी मात्र गवताची. बुडत्याला आधार देते तीही गवताचीच!) त्याआधीची गारगोटी-पोलादाची चकमक तर घरातून केव्हाच हद्दपार झाली, पण सीमेवर आणि विधानसभेत अजून झडते आहे.

खरे तर एवढी स्वस्त आणि सुरक्षित वस्तू दुसरी नसेल. तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेला आणि पोटॅशियम क्लोरेट काडीच्या डोक्यावर, अशी दोघांची ताटातूट केली म्हणून ती खिशात निर्धास्त राहते. स्वीडिश भांडवलावर १९२३ साली निघालेल्या 'विमको'चा कारखाना आपल्या अंबरनाथला होता. पुढे हा धंदा मुख्यतः दक्षिणेत, शिवकाशीच्या परिसरात एकवटला. १४ वर्षे एक रुपयाला मिळणारी पेटी १ डिसेंबर २०२१ पासून दोन रुपयांना झाली, तेव्हा निषेधाचा सूर फारसा निघाला नाही. कांदा महागल्यावर आपण काय करतो, ते आठवून पाहावे.

काडेपेटी घरोघर येण्याआधी शेजारणीकडून विस्तव आणायचा. चुलीतला निखारा राखेखाली जपलेला असे. ज्याची चूल विझली, तो शेजारी जाई. 'दोघांत विस्तव जात नाही' हे आपण आजही बोलतो. शेजाऱ्याला विस्तवही न देण्याइतके वैर, असा त्याचा अर्थ असावा, असे मला वाटते. पुढे वाड्यांतही काडेपेटी, विरजण आणि वाटीभर साखर मागताना कुणाला संकोच वाटत नसे.

आम्हाला वाटला. अकरा वर्षे समोर राहणाऱ्यांची बेल वाजवायला गेलो, तर वीज नाही. शेवटी दार ठोठावले. "काडेपेटी आहे का?" आतून आजी मेणबत्ती घेऊनच बाहेर आल्या. त्यांनी माझ्या हातातले निरांजन तिथेच उंबऱ्यावर लावून दिले, आणि वर एक पेटीही दिली.

ती परत करायची अजून राहिली आहे.