तीच वीट, दुसऱ्या भिंतीत

पडक्या घराची वीट फेकायची नसते, हे आपल्या घरांत कुणाला शिकवावे लागत नाही. चुना खरवडायचा, धड विटा एका बाजूला रचायच्या, तुकडे भरावाला ठेवायचे. १९४५ साली पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, अख्खे शहर हेच काम करीत होते. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला युद्धकाळात ज्या निर्वासितांची छावणी होती, त्यांचा हा देश.

१ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्साच्या लोकांनी हिटलरच्या फौजेविरुद्ध उठाव केला. ६३ दिवस ते लढले. उठाव मोडल्यावर जर्मनांनी माणसांना शहराबाहेर हाकलले आणि रिकाम्या घरांवर आग लावणारी, सुरुंग पेरणारी पथके सोडली. लढाईत पडले ते पडलेच. उरलेले असे ठरवून, गल्लीमागून गल्ली पाडले. जानेवारी १९४५ मध्ये जर्मन गेले तेव्हा शंभरातली सुमारे पंच्याऐंशी घरे गेली होती. राजधानी दुसऱ्या शहरी न्यावी, असाही विचार निघाला. पण लोक कुणाच्या निर्णयाची वाट पाहत बसले नाहीत. कडाक्याच्या थंडीत परतले आणि तळघरांत चुली मांडल्या.

फेब्रुवारीत पुनर्बांधणीचे सरकारी कार्यालय निघाले. देशभर वर्गणी गोळा झाली. बायका, विद्यार्थी, कारकून राडारोडा उपसायला उतरले. जुनी पेठ होती तशी उभी करायची ठरली, पण होती तशी म्हणजे कशी? इथे दोन गोष्टी कामी आल्या. एक, वास्तुशास्त्राच्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी जपलेले, जर्मनांपासून लपवून ठेवलेले जुन्या घरांचे नकाशे. दुसरी, अठराव्या शतकात बेलोत्तो या चित्रकाराने काढलेली शहराची चित्रे. १९५३ मध्ये पेठेचा चौक पुन्हा खुला झाला. बाहेरून जुनी नक्षी, आत नव्या सोयींची राहती घरे. १९८० मध्ये युनेस्कोने या पेठेला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

विटा मात्र सगळ्या वॉर्साच्या नव्हत्या. युद्धानंतर पोलंडकडे आलेल्या व्रोत्सवाफसारख्या शहरांतल्या इमारती उतरवून त्या विटा राजधानीला धाडल्या गेल्या. एकाचे घर सोलून दुसऱ्याचे शाकारले. कौतुक करताना हेही सांगायला हवे.

आणि आमचे पाऊल अडते ते या देखण्या चौकात नाही, तिथून थोड्या अंतरावरच्या मुरानुफ वस्तीत. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मनांनी शहरातल्या ज्यूंना भिंतीआड कोंडले, चार लाखांवर माणसे. १९४२ च्या उन्हाळ्यात त्यांतल्या बहुतेकांना आगगाडीने त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेऊन मारले. १९ एप्रिल १९४३ रोजी उरलेल्यांनी हत्यार उचलले. तेव्हा जर्मनांनी वस्तीच जाळून सपाट केली.

ही वस्ती कुणी होती तशी बांधली नाही. माझे घर इथे होते, खिडकी अशी होती, हे सांगणारेच फार थोडे उरले होते. ढिगारा इतका, की वाहून नेणे परवडेना. लाखर्ट नावाच्या वास्तुकाराने त्याच विटा भरडून ठोकळे पाडले आणि ढिगाऱ्यावरच नवी घरे उठवली. भिंतींना गिलावा करायचा नाही, विटेचा तांबडा रंग दिसू द्यायचा, म्हणजे इथे काय घडले ते ध्यानात राहील, असे त्याच्या मनात होते. लोकांना ती घरे उदास वाटली. काही वर्षांतच भिंतींना गिलावा झाला. राहणाऱ्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. तळघरात दिवस काढलेल्या माणसाला उजळ भिंत हवीशी वाटणारच. पण आम्हाला तो लाखर्ट बरोबर वाटतो.

लढलेल्या ज्यूंचे स्मारक तिथे १९४८ सालीच, चहूकडे ढिगारे असताना उभे राहिले. त्याचा दगड नाझींनी स्वतःच्या विजयस्तंभासाठी मागवलेला होता. समोर आता पोलंडमधल्या ज्यूंच्या इतिहासाचे संग्रहालय आहे, २०१३ मध्ये उघडलेले. आणि मुरानुफमधल्या कित्येक घरांच्या दारात जायला रस्त्यावरून आजही आधी पायऱ्या चढाव्या लागतात.