काटा कोठे जुळविला?

शाळेत वस्तुमान आणि वजन यांतील भेद शिकविताना विद्यार्थ्याला हटकून चंद्रावर नेण्यात येते, आणि तेथे त्याचे वजन सहाव्या हिश्शावर आले की धडा संपतो. परिणामी परीक्षेपुरता पाठ केलेला हा भेद पुढे सराफाच्या पेढीवर किंवा केळीच्या भुईकाट्यावर उपयोगी पडेल, अशी पुसट शंकाही त्याला शिवत नाही. वास्तविक नशिराबादच्या मुलाला त्यासाठी पृथ्वी सोडण्याचे प्रयोजन नाही; शेजारच्या जळगावचा सराफ बाजार त्याला पुरेसा आहे.

जुन्या तराजूच्या एका पारड्यात सोने आणि दुसऱ्यात माप घातले, म्हणजे पृथ्वीचे आकर्षण दोहोंवर सारखेच चाले. ते अधिक असो वा उणे, दांडी ढळत नसे, आणि म्हणून तोळा-मासा-गुंजांच्या काळातील सराफ नकळत वस्तुमानच मोजीत होता. इलेक्ट्रॉनिक काट्याची गोष्ट निराळी. त्याला दुसरे पारडे नाही. जिन्नस किती जोराने खाली दाबतो एवढेच त्यास कळते, आणि त्या जोराचे ग्रॅम करण्याचा हिशेब त्यात आधीच भरून ठेवलेला असतो. हा जोर मात्र सर्वत्र सारखा नसतो. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्यामुळे व स्वतःभोवती फिरत असल्यामुळे विषुववृत्ताकडे येताना गुरुत्व क्षीण होत जाते. १६७२ साली झां रिशे या फ्रेंच ज्योतिर्विदाचे लंबकाचे घड्याळ दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे दिवसाकाठी सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले, ते याच कारणाने.

दिल्ली सुमारे साडेअठ्ठावीस अक्षांशावर, जळगाव एकविसाव्या. एवढ्या अंतराने गुरुत्वात जवळजवळ दोन हजारांत एक इतका फरक पडतो. दिल्लीत जुळविलेला काटा तसाच उचलून जळगावात मांडला, तर १०० ग्रॅम सोने तो ९९.९५ ग्रॅम दाखवील. नवा दागिना घेणाऱ्याचा यात लाभ, आणि नडीपोटी मोड विकणाऱ्या बाईचा तोटा. ५० मिलिग्रॅम म्हणजे गुंजेचा अर्धा भागही नव्हे, हे खरे. परंतु तेवढ्या सोन्यालाही दाम पडतो, आणि तो नेहमी एकाच बाजूने वळता होत राहिला तर त्याला क्षुल्लक म्हणवत नाही.

कायद्याकडे कसूर नाही. किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक असून वजन हे बल आहे, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय परिषदेने १९०१ मध्येच दिला. आपल्याकडे १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान मापांचा अंमल सुरू झाला, आणि २००९ चा वैध मापन कायदाही किलोग्रॅमला वस्तुमानाचेच एकक मानतो. तेव्हा काटा जेथे वापरायचा तेथेच तो प्रमाणित मापाने जुळविला पाहिजे, हे ओघानेच आले. कारखान्यातून आलेला दाखला भिंतीवर टांगून ते काम भागत नाही.

या शास्त्राचा आधार घेऊन कोणी शेतकऱ्याला गंडवू लागला, तर तेही ओळखता यावे. नशिराबादहून भुसावळला नेलेल्या काट्यात गुरुत्वामुळे व्यवहारात जाणवेल असा फरक पडत नाही. रावेर-यावलची केळी दिल्लीस पोहोचेपर्यंत घटतात ती पाणी उडाल्याने, आणि ती घट वस्तुमानाचीच, म्हणून खरी. गुरुत्वाचे म्हणाल, तर खानदेशात जुळविलेल्या काट्याने दिल्लीत १० टन माल उलट ५ किलोंनी अधिक दाखविला असता. जागा बदलल्याने तूट आली, असे तेथील अडत्या सांगू लागल्यास त्याचे म्हणणे सरळ नाकारावे.

माझे म्हणणे एवढेच, की प्रत्येक पेढीवर मुद्रांकित माप गिऱ्हाइकाच्या हाताशी ठेवण्याचा शिरस्ता पडावा, मोड घेण्यापूर्वी ते प्रथम काट्यावर ठेवून दाखवावे, आणि तपासणीस येणाऱ्या निरीक्षकाने काट्यावरील शिक्का पाहतानाच ते मापही मागून घ्यावे.