दुहेरी मोटार : तोल कोणाच्या हाती?

'हायब्रिड' हा शब्द तुम्हांला ज्वारीमुळे परिचयाचा असेल. हायब्रिड म्हणजे संकरित. आता मोटारीही संकरित झाल्या आहेत. 'प्लग-इन हायब्रिड' गाडीत पेट्रोलचे इंजिन असते, विजेची मोटर असते आणि घरच्या प्लगवर चार्ज करता येईल अशी मोठी बॅटरीही असते. चीनच्या बीवायडी कंपनीने २००८ साली अशी गाडी प्रथम मोठ्या प्रमाणावर बनवली. दोन्ही शक्तींचा उत्तम तोल तिच्यात साधलेला असतो, असे म्हणतात. पण हा तोल राखतो कोण?

प्रथम यंत्राचे काम पाहू. बॅटरी भरलेली असेपर्यंत गाडी बहुतांशी विजेवर धावते. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या गर्दीत हेच योग्य. कारण थांबत-थांबत जाताना पेट्रोल इंजिन फार इंधन वाया घालवते. पुण्याच्या महामार्गावर मात्र एकसारख्या वेगात तेच इंजिन चांगले काम देते. बॅटरी उतरली की इंजिन भार उचलते आणि गाडी साध्या हायब्रिडसारखी चालते.

आता पन्हाळ्याचा उतार घ्या. गड भोवतालच्या प्रदेशाहून सुमारे ४०० मीटर उंच आहे. गाडीचे वस्तुमान १,८०० किलोग्रॅम धरा. १,८०० × ९.८ × ४०० म्हणजे सुमारे ७० लाख ज्यूल. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे ही ऊर्जा जवळजवळ २ युनिटे झाली! साध्या गाडीत ती ब्रेक तापवण्यात आणि हवेचा व रस्त्याचा विरोध सोसण्यात संपते. संकरित गाडीत मोटर उलट जनित्राचे काम करते. निम्मी ऊर्जा जरी परत मिळाली, तरी एक युनिट हाती येते. त्यावर सपाट रस्त्याने पाच-सहा किलोमीटर जाता येईल. पण कोणी गडावरच बॅटरी काठोकाठ भरून निघाला तर? भरल्या घागरीत पाणी कुठे मावणार? ती ऊर्जा फुकट जाईल. यंत्र कितीही हुशार असले, तरी पुढे उतार आहे हे माणसाने ध्यानात ठेवायला हवे.

याहून मोठा प्रश्न सवयीचा आहे. रात्री प्लग लावायचा कंटाळा केला, की बॅटरी म्हणजे नुसते ओझे! हे ओझे पेट्रोल जाळून ओढावे लागते. २०२१ साली नोंदलेल्या गाड्यांची प्रत्यक्ष माहिती युरोपीय आयोगाने २०२४ साली प्रसिद्ध केली. अशा गाड्या रस्त्यावर सरासरीने प्रयोगशाळेतील आकड्याच्या साडेतीन पट कार्बन डायऑक्साइड सोडतात, असे त्यात आढळले. बॅटरी पुरेशी चार्ज न करणे हे त्याचे एक मोठे कारण होय.

म्हणून माझे मत असे, की गाडीवरची अक्षरे पाहून तिला 'स्वच्छ' म्हणू नये व करसवलतही देऊ नये. वर्षभरात तिने प्रत्यक्ष किती पेट्रोल जाळले, ते मोजावे. शिवाय आपल्या राज्यातील पुष्कळशी वीज कोळशापासून येते. तेव्हा विजेची युनिटेही हिशेबात धरावीत.

शिक्षकांना एक विनंती. वर्गातील मुलांना आपल्या घरच्या वाहनाचा आठवडाभराचा रोजचा प्रवास लिहून आणायला सांगा. त्यांतले किती दिवस ५० किलोमीटरांच्या आत बसतात? तेवढे दिवस अशा गाडीला पेट्रोल जवळजवळ लागणारच नाही. मात्र रात्री कोणीतरी उठून प्लग लावला पाहिजे.