तिला तेथे मैत्रीण कोण?

नोकरीनिमित्त गुरुग्रामला गेलेल्या मराठी मुलीला खोली मिळते, मेट्रो मिळते. मैत्रीण मात्र लवकर लाभत नाही. मोटारींच्या सोयीने वाढलेल्या त्या नगरात पायी जाता जाता सहज गाठ पडावी, असे प्रसंग थोडेच. त्याचा दोष मुलीच्या स्वभावाला देणे मला तरी पटत नाही.

२०१६ साली नाव बदलण्यापूर्वीच्या, म्हणजे गुडगावच्या काळात, नोव्हेंबर २०१३ मध्ये तेथे ‘राहगिरी’ सुरू झाली. कोलंबियातील बोगोटा शहरी १९७४ पासून चालत आलेल्या प्रथेचे हे अनुकरण. रविवारी सकाळी काही रस्ते मोटारींना बंद आणि चालणाऱ्यांना, सायकलस्वारांना, खेळणाऱ्या मुलांना खुले! अशा ठिकाणी ओळखीला निमित्त शोधावे लागत नाही.

हा केवळ करमणुकीचा प्रश्न नव्हे. जगात सहांपैकी एका व्यक्तीला एकटेपणा ग्रासतो, आणि त्याने हृदयविकाराचा धोकाही वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली सांगितले आहे.

वाचकभगिनींनो, आपली लेक वा धाकटी बहीण तिकडे असेल, तर दूरध्वनीवर ‘जेवलीस का?’ एवढेच विचारून थांबू नका. संध्याकाळी कोणाबरोबर फिरायला जातेस, तेही विचारा. ती उत्तर टाळू लागली, तर सवड काढून आठ दिवस तिच्याकडे राहून या, आणि शेजारच्या दारी पोह्यांची बशी तिच्याच हाती पाठवा.