सारखी शक्ती, असमान शर्यत

लीग समितीचा नवा आदेश आल्यापासून आलेली बहुतेक पत्रे एनए (बिनटर्बो) इंजिनावर मेहनत घेणाऱ्या ट्यूनरांची आहेत, आणि त्यांचा राग रास्त आहे. ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ या गेममधल्या आपल्या लीगच्या स्ट्रीट गटातून समितीने पीपीची (परफॉर्मन्स पॉइंट्सची) मर्यादा काढून टाकली आणि कमाल २५० पीएस ही एकच अट ठेवली. गिअर रेशो बदलायला बंदी. टर्बो, अँटी-लॅग आणि पॉवर रेस्ट्रिक्टरला मात्र मोकळे रान.

एनए होंडा एस२००० आणि टर्बो असलेली निसान एस१५ सिल्व्हिया स्पेक-आर घ्या. दोन्ही दोन लिटरच्या, दोन्ही २५० पीएसच्या, वजनही जवळपास सारखे. समितीच्या लेखी हिशेब इथेच संपतो. पण सिल्व्हियाचा २७५ न्यूटन मीटर टॉर्क ४,८०० आरपीएमलाच मिळतो, म्हणजे तिथे सुमारे १८८ पीएस. एस२०००चा कमाल टॉर्क २१८, तोही ७,५०० आरपीएमला. तो सगळा ४,८००वर मिळाला असे धरले, तरी शक्ती १५०च्या वर जात नाही. त्सुकुबा ट्रॅकच्या हेअरपिनमधून बाहेर पडताना हा फरक कोणता ड्रायव्हर भरून काढणार? जवळजवळचे रेशो लावून एनए गाडी पॉवरबँडमध्ये ठेवता आली असती, पण नेमकी तीच वाट बंद केली आहे.

रेस्ट्रिक्टरने तर कडेलोट केला. टर्बो बसवून शक्ती ३३०पर्यंत न्यायची आणि रेस्ट्रिक्टरने २५०वर आणायची. रेस्ट्रिक्टर वरचे टोक छाटतो, मधला टॉर्क फारसा हलत नाही. एनए इंजिनात हाय-लिफ्ट कॅमशाफ्टने जे कमावतो ते वरच्या आरपीएमलाच असते, आणि कात्री तिथेच चालते. बोअर-अप तर एकदा केले की काढताही येत नाही.

यावर दाद मागायची सोय कशी आहे पाहा. हरकतीच्या अर्जात एकच रकाना आहे: कमाल शक्ती. एका वाचकाने सोबत दोन्ही गाड्यांचे टॉर्कचे आलेख जोडले. मर्यादेचा भंग नाही, असे कळवून समितीने अर्ज निकाली काढला. मर्यादा मोडल्याची तक्रार त्याने केलीच नव्हती. मर्यादाच चुकीची आहे, हे तो सांगत होता. फॉर्म्युला वनने १९६६मध्ये बिनटर्बो इंजिनाला तीन लिटर आणि सुपरचार्ज इंजिनाला दीड लिटर अशी वेगळी मर्यादा घातली होती. एवढा साधा विचार समितीला आजही सुचू नये?

सभासदांनाही सुनावले पाहिजे. आदेशाचा मसुदा चर्चेला आला तेव्हा एनएवाले बहुतेक गैरहजर होते. ग्रुपवर कुरकुर करून नियम बदलत नाहीत. पुढच्या फेरीआधी आपल्या गाडीचा पॉवर व टॉर्कचा आलेख, ट्यूनिंग शीट आणि त्सुकुबाची लॅप वेळ समितीला पाठवा, एक प्रत आम्हालाही द्या. मागण्या दोनच ठेवा: पीपीची मर्यादा परत आणा आणि गिअर रेशो मोकळे करा. आणि या वेळी बैठकीला हजर राहा.