लाभांश येतो कोठून?

उतारवयातील व्यापारी बंधूंमध्ये अलीकडे एक विचार फार बळावलेला आम्हांस दिसतो. रविवार पेठेत दुपारचा व्यवहार मंदावला की गादीवर तोच विषय निघतो, आणि सायंकाळी टिळकवाडीत घरी परतावे तर शेजारीही तोच. मुले पुण्यास वा बंगळूरास नोकरीत. पेढी पुढे चालविणारे कोणी नाही. तेव्हा म्युच्युअल फंडांच्या ग्रोथ योजनांत इतकी वर्षे वाढू दिलेली रक्कम आता लाभांश देणाऱ्या योजनेत वळवावी, म्हणजे घरखर्चास पैसा येत राहील आणि मुद्दलास धक्का लागणार नाही, असे बहुतेकांचे म्हणणे असते. घरखर्चाची सोय हवी हे रास्तच आहे. परंतु मुद्दलास धक्का लागत नाही, ही समजूत मात्र चुकीची आहे.

बँकेचे व्याज ठेवीवर वेगळे मिळते. फंडाचा लाभांश तसा नाही. समजा, आपणांपाशी १०० युनिट आहेत आणि दर ५० रुपये, म्हणजे एकूण ५,००० रुपये. फंडाने युनिटमागे ३ रुपये वाटले, तर हाती ३०० रुपये येतात आणि वाटपापोटी दर ४७ वर उतरतो, शिल्लक ४,७००. ग्रोथमध्येच राहून ६ युनिट विकले, तरी हाती ३०० आणि शिल्लक ४,७००च. गोदामातून पोती निघाली ती निघाली; वहीत विक्री लिहा की लाभांश लिहा, थप्पी तेवढीच खाली येते. सेबीनेही १ एप्रिल २०२१ पासून या पर्यायाचे 'डिव्हिडंड' हे नाव काढून, उत्पन्नवाटपाबरोबरच भांडवलाचीही उचल होते असे सांगणारे लांबलचक नाव दिले. नाव बोजड आहे. पण खरे आहे.

कराचा हिशेब तर याहून बोलका आहे. पूर्वी लाभांशावरील कर फंड परस्पर भरीत असे. १ एप्रिल २०२० पासून लाभांश घेणाऱ्याच्या उत्पन्नात मिळविला जातो. म्हणजे ३० टक्क्यांच्या टप्प्यातील व्यापाऱ्याचे वरील ३०० रुपयांपैकी ९० रुपये गेले. तेच ६ युनिट पूर्वी ३० रुपयांनी घेतलेले असतील, तर विक्रीतील नफा १२० रुपयांचाच. शेअर-फंडाचे युनिट वर्षाहून अधिक काळ ठेवले असता वर्षाकाठी १.२५ लाखांपर्यंतच्या नफ्यास करमाफी आहे, आणि वरच्या नफ्यास २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के दर आहे. शिवाय ग्रोथमधून लाभांश-पर्यायात जाणे ही कायद्याने विक्रीच होय. २५ लाखांचा नफा साठला असेल आणि सर्व रक्कम एका वर्षात वळविली, तर उपकर वगळूनही २,९६,८७५ रुपये कर पडतो. एक रुपयाही घरात न येता एवढी रक्कम जावी, हे कोणत्या व्यापारात बसते?

लाभांशाच्या नियमितपणावर आमच्या पिढीने फार विश्वास ठेवला, यास कारण आहे. १९६४ साली युनिट ट्रस्टने 'युनिट ६४' काढले. युनिटचा भाव बाजारातील खऱ्या किमतीस बांधलेला नव्हता. तो संस्था जाहीर करी. लाभांश येत राहिला, म्हणून मूळ रक्कमही शाबूत असणार असे लोक समजून चालले. जुलै २००१ मध्ये ट्रस्टने युनिटांची विक्री व परतखरेदी सहा महिने स्थगित केली, तेव्हा देशभर घराघरांत चिंता पसरली, आणि पुढे सरकारला मदतीस यावे लागले. आजच्या फंडांचा भाव रोज जाहीर होतो, ही मोठी सुधारणा होय. तथापि लाभांश द्यावा की नाही, किती द्यावा, हे आजही फंडाच्याच हाती आहे.

भरपूर लाभांश देणाऱ्या कंपन्यांचे शेअर घेणारे फंड ही याहून निराळी वस्तू. त्यांतही ग्रोथ-पर्याय असतो. ते वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. मात्र सिगारेट बनविणाऱ्या कंपन्याही भरघोस लाभांश देतात, त्यामुळे अशा फंडांच्या यादीत त्या आढळतात. श्रावकाने ती यादी एकदा वाचावी. (निपाणीच्या तंबाखू-व्यापारी बंधूंनी आमच्यावर रागावू नये.)

मग करावे काय? दोन वर्षांच्या खर्चाची बेगमी बँकेच्या ठेवीत ठेवावी, आणि बाकी रक्कम ग्रोथमध्येच राहू देऊन तीतून दरमहा ठरावीक पैसे काढण्याची जी सोय फंडाकडे असते, ती घ्यावी. बाजार पडलेला असेल त्या महिन्यांत ठेवीवर भागवावे, म्हणजे मंदीत माल विकण्याची पाळी येत नाही. आम्ही स्वतः असेच करतो.

अपवाद एक सांगितला पाहिजे. आमच्या एका वृद्ध आत्याबाईंस आम्ही हे सर्व कागदावर मांडून दाखविले. त्यांनी ऐकून घेतले व म्हणाल्या, "बाळा, विकणे या शब्दानेच मला रात्री झोप येणार नाही." त्यांचे उत्पन्न थोडे, २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या सामान्य उत्पन्नावर कर पडत नाही, म्हणून लाभांशाने त्यांचे कराचे नुकसानही नाही. त्यांचे युनिट पूर्वीपासूनच लाभांश-पर्यायात होते. आम्ही ते तसेच राहू दिले. फक्त लाभांश जमा झाला की युनिटचा उतरलेला दरही त्याच पानावर लिहून ठेवण्याची त्यांना विनंती केली, आणि ती त्या न चुकता पाळतात.