लिलाव कागदावर, नांगर रानात

कोर्टाच्या लिलावात गेलेली जमीन जुना मालकच बारा वर्षे कसत राहिला, तर ती पुन्हा त्याची होऊ शकते, हे ऐकून पुष्कळांचा संताप होतो. ‘मग कोर्टाच्या हुकुमाला किंमत काय?’ आक्षेप पोकळ नाही. २००८ साली हेमाजी वाघाजी जाट खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच अशा प्रतिकूल, म्हणजे विरोधी, ताब्याचा कायदा अतार्किक ठरवून फेरविचार सुचवला होता.

पण लिलावात जमीन घेणारा काही निराधार नसतो. विक्री कायम झाल्यावर वर्षभरात त्याने अर्ज करावा, बेलीफ ताबा देतो. रानात कूळ असेल तर विक्रीचा दाखला डकवून, दवंडी पिटून नाममात्र ताबा मिळतो. दरखास्तीत पक्षकार असलेल्याविरुद्ध अशा नाममात्र ताब्यानेही आधीची वर्षे पुसली जातात. एवढी सोय असून जो हललाच नाही, त्याच्या आळसाचा भार कसणाऱ्याने का वाहावा?

‘बारा वर्षे वहिवाट, झाली मालकी’ ही पारावरची समजूतही तितकीच खोटी. पीकपाहणीतले नाव कसणूक दाखवते, हक्क देत नाही. ताबा उघड, अखंड आणि मालकाच्या हक्काला झुगारणारा हवा. परवानगीने कसणाऱ्याची बारा काय, पन्नास वर्षेही फुकट.

एकोणिसाव्या शतकातल्या साताऱ्याच्या सावकारांना हे पक्के ठाऊक होते. जमीन घशात घालून ते त्याच कुणब्याकडून कबुलायत लिहून घेत. मालक कूळ होऊन खंड भरू लागे. मग ताबा विरोधी ठरणार कसा? याची चीड १८७५ च्या सावकारविरोधी दंग्यांत बाहेर पडली. तेव्हा सातारा जिल्ह्यात आणि आज सांगलीच्या शिराळा तालुक्यात असलेल्या कोकरूडपर्यंत ती पोचली. १८७९ च्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर, नगरच्या शेतकऱ्यांची खास गहाण न दिलेली जमीन कर्जापायी विकण्यास बंदी घातली. म्हणजे गरिबाला वाचवायला लिलावच रोखावा लागला. बारा वर्षांच्या नियमाचा त्याला उपयोग नव्हता.

म्हणून हा नियम ना दांडग्यांचे हत्यार, ना गरिबांची ढाल. २०२३ साली विधी आयोगाने तो बदलू नये म्हटले, ते योग्यच. मात्र ताबा कोणत्या तारखेपासून विरोधी झाला, हे कसणाऱ्याने काटेकोर सिद्ध करावे. ते सिद्ध झाले आणि लिलाव घेणारा मुदतभर गप्प बसला असेल, तर जमीन कसणाऱ्याचीच ठरावी.